१७ वर्षांची नोकरी सोड असं मन सांगतंय. ऐकावं का?

वाळू_लोखंड (धागाकर्ता) | २० नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. गेले आठ महिने एकाच गोष्टीवर अडकलोय म्हणून लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

वय ४२. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत वाळूच्या विभागात १७ वर्षं झाली. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वितळलेलं लोखंड ज्या साच्यात ओततात तो वाळूचा असतो. वाळू, बेंटोनाइट (चिकट माती), कोळशाची भुकटी आणि पाणी. पाणी कमी पडलं तर साचा ढासळतो, जास्त झालं तर वाफ कोंडते आणि जॉबला, म्हणजे ओतलेल्या भागाला, भोकं पडतात. माझं काम ती वाळू बरोबर ठेवायचं. लॅब आहे, मशीन आहे, पण मिक्सरमधनं वाळू बाहेर आली की आधी मी ती मुठीत दाबतो. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले, गोळा मधोमध मोडल्यावर कड ढासळली नाही, म्हणजे जमलं. ओलावा साडेतीन टक्के का चार, ते हात सांगतो. थोड्या वेळानं लॅबचा आकडा येतो आणि तोही बहुतेक वेळा तेच सांगतो.

आता अडचण. मार्चपासून गेटमधनं आत जाताना पोटात काहीतरी आवळतं. रविवारी संध्याकाळपासूनच सुरू होतं. त्यात दिवाळीला मामांकडं गेलो होतो. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांचं गुऱ्हाळ आहे. वय ७३, दोन्ही मुलं बंगळूरला. मामा म्हणाले, "भाच्या, हा हंगाम मी रेटतो. पुढच्या दिवाळी पाडव्याला मुहूर्ताच्या सौद्यात तू गूळ घालणार असशील तर गुऱ्हाळ तुझं. नाहीतर काहील भंगारात." (सौदा म्हणजे बाजारातला गुळाचा लिलाव, काहील म्हणजे रस उकळायची मोठी कढई.)

तेव्हापासून गुऱ्हाळाचा विचार आला की छाती मोकळी होते. बायको म्हणाली, कागदावर मांडा. मांडलं. घराच्या कर्जाची ९ वर्षं राहिलीत, थोरली दहावीला आहे, आई आमच्याजवळ असते. कागद म्हणतो हलू नको. मन म्हणतं सोड.

वाळूच्या बाबतीत माझा हात सहसा चुकत नाही. मग याच बाबतीत मनावर विश्वास का ठेवू नये?

---

उद्यमनगरी

भावा, मनानं सांगितलंय ना, मग मागं बघायचं नाही. २०११ ला मी नोकरी सोडून शेडमध्ये एक जुना लेथ टाकला. घरचे सगळे विरोधात होते. आज तीन मशीनं आहेत. हिशेब करत बसलो असतो तर अजून दुसऱ्याच्या लेथवर असतो.

---

बावडेकर

वरच्या दादांचं जमलं याचा आनंद आहे. माझ्या थोरल्या भावानंही मनाचंच ऐकलं होतं. पोल्ट्री. दुसऱ्या बॅचला रोग आला आणि शेत गहाण पडलं ते अजून सुटलेलं नाही. त्याचं मनही तितक्याच ठामपणे सांगत होतं. ज्यांचं फसलं ते असल्या धाग्यावर लिहायला येत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

---

रंकाळ्यावरची

धागाकर्ते, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांवरच बोलते. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि नेमका हाच प्रश्न दरवर्षी वर्गात येतो.

डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन ही या विषयातली दोन मोठी माणसं, आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला. कानेमननी आयुष्यभर माणसाची पहिली समजूत कुठं कुठं फसते ते दाखवलं. क्लाइननी आगीच्या बंबावरच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. पर्यायांची तुलना न करता ही माणसं क्षणात ठरवतात आणि बहुतेकदा बरोबर ठरवतात, हे त्यांना दिसलं. दोघांनी काही वर्षं एकत्र बसून २००९ साली लेख लिहिला. भांडण होईल असं वाटत होतं, पण बऱ्याच गोष्टींवर एकमत झालं. आतल्या आवाजावर विसंबायला दोन गोष्टी लागतात. एक, त्या कामाला काहीतरी शिस्त हवी, म्हणजे आज जे घडलं त्याच कारणानं उद्याही तेच घडावं. दोन, त्या कामाचा भरपूर सराव हवा आणि आपण चुकलो की बरोबर आलो हे लवकर कळायला हवं. आपल्याला किती खात्री वाटते यावर मात्र काहीच ठरत नाही.

आता तुमची वाळू बघा. दिवसातनं कितीतरी वेळा मूठ दाबता आणि प्रत्येक वेळी लॅब निकाल सांगते. १७ वर्षं. तो हात शिकलेला आहे. नोकरी सोडून गुऱ्हाळ घेणं हे तुम्ही आजवर किती वेळा केलंय? एकदाही नाही. मग ते सांगणारं मन कुठं शिकलं?

मन खोटं बोलतंय असं मी म्हणत नाही. ते कशाबद्दल बोलतंय, एवढंच तपासा. आणि एक विचारते: पोटात आवळायला मार्चपासूनच का लागलं? त्याआधीची १६ वर्षं का नाही?

---

वाळू_लोखंड

ताई, प्रतिसाद दोनदा वाचला. मार्चमध्ये माझं प्रमोशन झालं. शेवटच्या प्रश्नावर विचार करून लिहितो.

---

प्रयागकाठ

अनुभवावर विश्वास ठेवून फसल्याची गोष्ट सांगतो. आमचं गाव नदीकाठी, पंचगंगेचं पाणी यायचंच. वडिलांना पाण्याची इतकी पारख की राधानगरी धरणाची दारं उघडल्याचं कळलं की आमच्या कोपऱ्यावर पाणी कधी पोचणार ते सांगायचे आणि तसंच व्हायचं. २००५ ला पाणी आमच्या सोप्याच्या पायरीपर्यंत आलं. तिथं त्यांनी खिळा ठोकला होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये लोक बाहेर पडायला लागले तेव्हा वडील म्हणाले, खिळ्याच्या वर जात नाही. त्यांच्या बोलण्यात अवाक्षराचा संशय नव्हता, म्हणून आम्हीही थांबलो. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असते. त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पहाटे खिळा बुडाला आणि सकाळी दोन म्हशींची दावी सोडून आम्ही माळ्यावर होतो. दुसऱ्या दिवशी बोटीतनं काढलं.

वडिलांची पारख खोटी नव्हती. तिनं ४० वर्षं आम्हाला सांभाळलं. पण नदी तीच राहिली नव्हती आणि ते त्यांच्या मनाला कुणी सांगितलं नव्हतं. एक म्हैस परत आली नाही. वडील त्या खिळ्याबद्दल आजही बोलत नाहीत.

गुऱ्हाळाबद्दल तुमच्या डोक्यात जे चित्र आहे ते कुठल्या सालचं आहे, ते बघा.

---

लिंबाचं_झाड

मी दुसऱ्या बाजूनं लिहिणार आहे. प्रयागकाठ यांचं वाचून पोटात कालवलं, तरी लिहिते.

१९९६. मला बघायला पाहुणे आले होते. मुलगा शिकलेला, सरकारी नोकरी, घर आमच्यापेक्षा चांगलं. कांदेपोहे झाले, सगळ्यांना पसंत. मी आईला म्हटलं, मन घेत नाही. आईनं कारण विचारलं. मला कारण सांगता आलं नाही. आठ दिवस घरात अबोला होता. आप्पांनी शेवटी नाही कळवलं, आणि आत्या किती वर्षं "पोरीच्या नखऱ्यापायी" म्हणायची.

कारण मला फार उशिरा, माझं लग्न होऊन मुलगी शाळेत जायला लागल्यावर सापडलं. भांडी घासत होते आणि ती दुपार अचानक डोळ्यांपुढं आली. त्या मुलाच्या आईनं त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. ठेवताना तिचा हात थरथरला, थोडं पाणी टेबलावर सांडलं. आणि सांडलेल्या पाण्याकडं न बघता तिनं आधी त्याच्या तोंडाकडं बघितलं.

एवढंच. मी ते तेव्हाच बघितलं होतं, शब्द नंतर आले. म्हणून कारण सांगता येत नाही त्याला कारणच नाही, असं कुणी म्हटलं की मी गप्प बसत नाही.

---

रंकाळ्यावरची

लिंबाचं_झाड, तुमचा प्रतिसाद मी वर्गात सांगितला तर चालेल का? माणसांचे चेहरे वाचायचा सराव आपण जन्मल्यापासून करत असतो, तिथं मन खरंच शिकलेलं असतं.

शरीराला आधी कळतं का, यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. अमेरिकेत आयोवात दामासिओ यांच्या गटानं १९९७ ला प्रसिद्ध केला. पत्त्यांच्या चार गड्ड्या. दोन गड्ड्यांत मोठा फायदा दिसतो पण शेवटी नुकसान, दोन गड्ड्यांत थोडं थोडं मिळतं पण शेवटी फायदा. खेळणाऱ्यांच्या तळहाताच्या घामाची मोजणी केली. दहाएक पत्त्यांतच वाईट गड्डीकडं हात नेताना घाम वाढायला लागला. पन्नाशीच्या आसपास "ही गड्डी बरी नव्हे" अशी शंका आली आणि ८० च्या आसपास बऱ्याच जणांना कारण सांगता आलं. पुढं २००४ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं की नीट खोदून विचारलं तर लोकांना वाटतं त्यापेक्षा लवकर, जाणतेपणी बरंच कळलेलं असतं. म्हणजे वाद मिटलेला नाही. पण एक बघा, घाम फुटायलाही आधी दहा पत्ते उचलावे लागले होते.

---

बावडेकर

शेवटचं वाक्य भावाला ऐकवलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मी एक पण पत्ता उचलला नव्हता रे."

---

चाफ्याची_कळी

आमच्या गावात असल्या वेळी ग्रामदैवताला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या लावतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. माझ्या वडिलांनी वरचं शेत विकण्यासाठी कौल लावला होता. मी दहाबारा वर्षांची, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी. बराच वेळ काही पडेना. मग उजवी पडली. म्हणजे विका. आणि वडील मटकन खाली बसले. गुरव म्हातारा होता. तो म्हणाला, "पाटील, देवानं हो म्हटलंय. पण तुमचं तोंड काय म्हणतंय?" शेत विकलं नाही. दुसरीकडून पैसे उभे केले, त्यात आईचा साज गेला. बरोबर झालं का चूक, ते घरात अजून ठरलेलं नाही.

याच्यासारखंच काहीतरी स्टीव्हन लेविट या अर्थशास्त्रज्ञानं केलं होतं. नोकरी सोडू का, नातं तोडू का अशा पेचात असलेल्या लोकांना संगणकावर नाणं उडवायला लावलं. २० हजारांवर नाणी उडाली. ज्यांना "बदल कर" असं आलं त्यांच्यातल्या जास्त लोकांनी बदल केला आणि सहा महिन्यांनी बदल केलेले लोक सरासरीनं जास्त सुखी निघाले. उद्यमनगरी यांना हे आवडेल. पण नाणं उडवायला आलेली माणसं आधीच काठावर उभी होती, हे विसरून चालणार नाही. आणि सरासरीत बावडेकरांचा भाऊही असतो.

---

गूळसौदा

एवढे प्रतिसाद आले आणि गुऱ्हाळाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आमच्या घरचं गुऱ्हाळ २०१४ ला बंद केलं. त्याच साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, हे मनाला फार लागलेलं आहे.

एक टन उसाला १०० ते ११० किलो गूळ पडतो, ऊस आणि माणूस चांगला असेल तर थोडा जास्त. ऊस तुमचा स्वतःचा किती? बाकीचा बाहेरनं आणायचा तर कारखान्याच्या दराशी टक्कर आहे. मजुरांना हंगामाआधी उचल द्यावी लागते आणि उचल घेऊन टोळी आलीच नाही, असं आमच्याकडं दोनदा झालं. अवेळी पाऊस आला की चिपाडं, म्हणजे जाळायला वाळवलेला उसाचा चोथा, भिजतात. चिपाडं भिजली की चुलवाण पेटत नाही, आणि गाळलेला रस तर थांबत नाही, आंबतो. साखर मिसळणाऱ्याचा पिवळाधमक रवा (गुळाची ढेप) सौद्यात आधी उठतो, तुमचा तांबूस गूळ मागं राहतो. तेव्हा मन काय म्हणतं ते बघायला त्या जागी उभं राहावं लागतं.

मी जाऊ नका म्हणत नाही. मला पुन्हा कुणी काहील दिली तर मी आज रात्री जाईन. पण मामा हा हंगाम चालवणार आहेत ना? मग सुट्टीचा प्रत्येक दिवस तिथं काढा. मालकाचा भाचा म्हणून खुर्चीवर नाही. मळी काढा, जाळ घाला, रात्रपाळी करा.

---

वाळू_लोखंड | ३० नोव्हेंबर

रंकाळ्यावरची ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. प्रमोशन झाल्यापासून मी वाळूजवळ नसतो. दिवसातले सहा तास ऑडिटचे कागद आणि ग्राहकांचे मेल. मूठ दाबायला आता दुसरा मुलगा आहे. परवा मुद्दाम शॉपमध्ये जाऊन मिक्सरखाली हात धरला. गरम, काळी वाळू हातात आली आणि पोटातली गाठ तिथल्या तिथं सुटली. मी तिथंच उभा राहिलो. तो मुलगा विचारायला लागला, साहेब, काय झालं?

म्हणजे आवळतंय ते खरं आहे. ते ज्याबद्दल बोलतंय ती गोष्ट मी १७ वर्षं ओळखतो, तिथं मन शिकलेलं आहे. पण छाती मोकळी होते ती ज्या गुऱ्हाळामुळं, ते मी शाळेच्या सुट्टीत बघितलेलं आहे. प्रयागकाठ यांनी साल विचारलं होतं. १९९३. दोन्ही मी एकाच आवाजात ऐकत होतो.

रविवारी मामांकडं जातोय.

---

नवीन_सदस्य_७ 

मी यांची बायको. यांनीच धागा वाचायला दिला. सगळ्यांचे आभार. पण यांचं मन काय म्हणतं यावर एवढे प्रतिसाद आले आणि माझं काय म्हणतं हे कुणी विचारलं नाही, म्हणून खातं उघडलं.

मी पतसंस्थेत कर्ज विभागात आहे, १२ वर्षं. समोर माणूस बसला की हप्ते येणार का नाही याचा मला अंदाज येतो आणि वर्षाच्या आत तो खरा की खोटा ते कळतं. ताईंच्या हिशेबानं माझंही मन शिकलेलंच म्हणायचं. तर ऐका. यांच्या नोकरी सोडण्याची मला भीती वाटत नाही. दोन वर्षं मी घर ओढीन. मामांच्या "गुऱ्हाळ तुझं" या शब्दाची वाटते. बंगळूरच्या भावांना कुणी विचारलंय का? जमीन कुणाच्या नावावर, वीजजोडणी कुणाची, सोसायटीचं कर्ज किती? मामांवर माझा पूर्ण विश्वास आहे, ते देवमाणूस आहेत. पण ज्या फायलीत फक्त शब्द असतो त्या फायलीनं मला आजवर कधीच बरं वाटू दिलेलं नाही.

---

लिंबाचं_झाड

ताई, तुमचा प्रतिसाद सगळ्यात वर असायला हवा.

---

उद्यमनगरी

वहिनींचं बरोबर आहे. माझं आधीचं लिहिणं अर्धवट होतं. लेथ टाकला तेव्हा बायकोच्या शिवणकामावर १४ महिने घर चाललं होतं. ते मी लिहिलंच नाही. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "तुझ्या मनानं सांगितलं, आणि माझ्या मशीननं काय केलं?"

---

वाळू_लोखंड | १६ मार्च

बऱ्याच जणांनी निरोपातनं विचारलं म्हणून लिहितो.

बायकोच्या सांगण्यावरून दोन्ही मामेभावांना फोन केला. थोरल्याला काहीच माहीत नव्हतं आणि त्याला वाईट वाटलं. संक्रांतीला दोघं आले. दोन दिवस अवघड गेले. शेवटी ठरलं की नावावर काही करायचं नाही. घेतलंच तर तीन वर्षांचा लेखी भाडेपट्टा, भावांच्या सह्यांसकट. मामा सही करताना रडले. मलाही धरवलं नाही.

कंपनीत साहेबांना सांगितलं, मला परत वाळूवर टाका. पद एक पायरी खाली आलं, पगार तोच ठेवला. आता रविवारी संध्याकाळी काही होत नाही. म्हणजे पळायची घाई संपली. तरी गुऱ्हाळाची ओढ गेलेली नाही, आणि आता ती १९९३ ची नाही.

पंधरा रविवार गेलो. गूळसौदा दादांनी लिहिलेलं जवळजवळ सगळं बघितलं, टोळीतली चार माणसं पळून गेलेलीही. चुलवाणापाशी भुवया जळाल्या. भेंडीचं पाणी घातल्यावर मळी वर येते ती काढता काढता खांदा भरून येतो. गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराला, ४० वर्षं झालीत. रसाच्या बुडबुड्यांच्या आवाजावर तो मान वळवतो. मग पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करतो आणि काहिलीच्या कडेवर मारतो. टण् असा आवाज आला की उतरायचं. मी तापमापी नेली होती. ११८ च्या आसपास यायचं, पण उसागणिक एखादा अंश इकडं तिकडं, आणि तो अंश त्याला काट्याआधी कळायचा.

गेल्या रविवारी त्यानं उलथणं माझ्या हातात दिलं. "सांगा तुम्ही, कधी उतरायचं." मी गोळी केली. बोटाला बरी लागली. कडेवर मारली, आवाज आला असं वाटलं. म्हटलं, उतरा. त्यानं माझ्याकडं बघितलं, काही बोलला नाही, माणसांना खूण केली. काहील उतरली, वाफ्यात ओतली. वाट बघितली. गूळ बसेना. तासाभरानंही बोट घातलं तर आत जात होतं. मामा लांबून बघत होते. एका काहिलीचा गूळ माझ्यापायी मऊ गेला. त्याचे पैसे मी दिले, मामा घेत नव्हते तरी दिले.

गुळव्यानं तो मऊ गूळ माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "हे बोटाच्या ध्यानात ऱ्हाऊ द्या. अजून दहा काहिली हायेत हंगामाच्या."

काल सात झाल्या. चार बसल्या.